आखाजीच्या दिवसांत घर शोधताना

वैशाख लागला की आमच्या जळगावात घरोघरी पन्हं होतं, आणि मला ते आता प्यायवत नाही. उकडलेल्या कैरीचा आंबटगोड वास जिन्यात आला की मी पदर नाकाला लावते. ह्यांना वाटतं पित्त आहे. डॉक्टरांनीही गोळ्या लिहून दिल्यात, त्या मी घेते. पण हे पित्ताचं नाही. एका उन्हाळ्यात मी कितीतरी परक्या घरांत बसून पन्हं प्याले, आणि प्रत्येक घरात पेला रिकामा व्हायच्या आत माझ्या शेजारी बसलेल्या बाईला जागा नाही म्हणून सांगितलं गेलं. किती गोड बोलून सांगितलं गेलं! तो गोडवा तेव्हापासून घशाला चिकटून बसलाय.

बाईचं नाव नाकातो. युगांडाची. तिथे केळी म्हणजे भात-भाकरी. कच्ची केळी उकडून, घोटून रोज खातात. केळीच्या रोगांचा अभ्यास करून तिने डॉक्टरेट घेतली होती, आणि आमच्या कंपनीने तिला तीन वर्षांसाठी बोलावून घेतलं होतं. मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये. काचेच्या बाटल्यांत केळीची बोटभर रोपं वाढवायची, हे माझं आयुष्यभराचं काम. इंग्रजी बऱ्यापैकी बोलते म्हणून साहेबांनी सांगितलं, "सुनंदाताई, मॅडमना एखादं चांगलं घर बघून द्या." मला ते फार सोपं काम वाटलं. आपल्या गावात पाहुणी आली आहे, तिला घर का मिळणार नाही?

तोवर ती कंपनीच्या गेस्टरूममध्ये राहत होती. जनरेटरच्या डोक्यावरची खोली. खिडकी न उघडणारी, भिंती दिवसभर थरथरणाऱ्या. स्वयंपाकाला मनाई. आमच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, त्यातल्या एकीत अंथरुणाला खिळलेले सासरे. नाहीतर मीच घेऊन आले असते. नाकातो तक्रार करत नव्हती, पण तिला घाई होती. तिची सात वर्षांची मुलगी, मिरेंबे, तिकडे मावशीजवळ राहिली होती. शाळा जूनमध्ये सुरू होणार. त्याआधी घर मिळालं तर मुलगी येणार. नाहीतर नाकातोच परत जाणार. "एका खोलीत मी राहीन," ती म्हणाली होती, "पण मुलीला जनरेटरवर नाही झोपवणार."

उन्हाचं तर विचारूच नका. जो भेटेल तो हसून म्हणायचा, "तुम्हाला तर सवयच असेल हो उन्हाची." ती मान डोलवायची. खरं म्हणजे तिचं गाव मोठ्या तळ्याकाठच्या टेकडीवर, तिथे संध्याकाळी अंगावर काहीतरी ओढून बसावं लागतं. आमच्याकडच्या गरम हवेने तिच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा उठला होता. ओला रुमाल डोक्यावर घेऊन ती माझ्याबरोबर रिक्षात बसायची आणि बाहेर बघत राहायची. गच्च्यांवर साड्या अंथरून कुरडया, बिबडे वाळत घातलेले. गटारीवर केळीच्या पानांचा कुजका थर. रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या घडांवर माश्या. ती म्हणायची, "वास ओळखीचा आहे. माझ्या गावचा बाजार संध्याकाळी असाच येतो." हे गाव आपल्याला जमेल असं तिला तेव्हा वाटत होतं.

पहिलं घर एका निवृत्त प्राध्यापकांचं. फोनवर त्यांना कोण आनंद झाला होता. "परदेशी पाहुण्या? अहो, आमचं भाग्य. वरचा मजला मोकळाच आहे." आम्ही गेलो. दार त्यांनीच उघडलं. त्यांनी मला नमस्कार केला, नाकातोकडे बघितलं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे फाटकाकडे नजर टाकली. 

"मॅडम कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ह्याच," मी म्हटलं.

आम्हाला आत बसवलं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास होता, भिंतीवर थोर माणसांच्या तसबिरी होत्या. पन्हं आलं. मला काचेच्या पेल्यात, नाकातोला कागदी कपात. त्यांच्या पत्नीने ट्रे पुढे करताना कप तिच्या बाजूला येईल असा फिरवला, इतक्या सफाईने की ती सफाई बघूनच मला शिसारी आली. प्राध्यापक जगातल्या सगळ्या माणसांच्या समानतेवर थोडं बोलले. मग म्हणाले, वरच्या मजल्यावर पुढच्या महिन्यात पुतण्या येणार आहे, आजच त्याचा फोन आला.

पुढच्या बाईंच्या घरात तरण्या मुली होत्या, म्हणून जमणार नव्हतं. त्याच्या पुढच्यांच्या घरात देव होते. एका बिल्डरने सोसायटीचा नियम सांगितला, आणि नियम कुठला असं विचारल्यावर, "तो नियमच आहे," म्हणाला. एका ठिकाणी तर नाकातोचे केस खरे की खोटे हे मला विचारलं, मी उत्तर दिलं नाही तेव्हा हात लावून बघितले, आणि मग नाही म्हणून सांगितलं. कोणी रागावलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. सगळे फाटकापर्यंत सोडायला आले. "परत या हं" म्हणाले.

मी ते सगळं तिला इंग्रजीत सांगायची, जरा सौम्य करून. पुतण्या येणार आहे. दुरुस्ती निघाली आहे. एकदा रिक्षात ती म्हणाली, "सुनंदा, ती माणसं बराच वेळ बोलतात आणि तू मला एक वाक्य सांगतेस. ते वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर बसत नाही."  रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी मला त्या रिक्षाची, त्या रस्त्याची, घरोघरच्या पाट्यांवरच्या नावांची इतकी किळस आली की डोळे मिटून घ्यावे लागले. मी ह्या गावात पंचवीसेक वर्षं राहत होते. ह्या लोकांबरोबर हळदीकुंकवाला गेले होते, त्यांच्या मुलांच्या लग्नांत जेवले होते.

मग मला धुळ्याचं सुचलं.

धुळं माझं माहेर. देवपुरात माझ्या थोरल्या भावाचं, नानाचं, दुमजली घर आहे. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, वहिनी सुगरण, मुलगी मीनल जर्मनीत नोकरीला. वरचा मजला नुकताच रंगवून भाड्याने द्यायचा होता. आमच्या कंपनीची नवी रोपवाटिका धुळ्याच्या बाहेरच होत होती, त्यामुळे नाकातो तिथूनही काम करू शकली असती. मी फोन केला. नाना म्हणाला, "विचारतेस काय? घेऊन ये. आखाजीलाच ये, तुझंही येणं होईल."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती लेकींची. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस खातात. शेतात काम नसतं, अंगणात सावली असते. मला लहानपणापासून सगळ्या वर्षात हाच सण आवडायचा. पारोळ्याच्या रस्त्याने गाडीतून जाताना मी नाकातोला हे सांगत होते. इथे तरी सौम्य करून सांगावं लागणार नाही, ह्या विचाराने बोलताना मला फार मोकळं वाटत होतं.

नाना ओट्यावरच उभा होता. त्याने बघितलं. मला त्याचा चेहरा पाठ आहे. लहानपणापासून त्याच्या मागे मागे फिरलेली मी. त्याच्या डोळ्यांखाली काहीतरी आखडलं, आणि लगेच तो हसला. प्राध्यापकांसारखाच.

गल्लीतल्या मुलींनी नाकातोला झोक्यावर नेलं. ती लाजत नव्हती. साडीच्या दोरावर उभी राहून तिने असा काही झोका चढवला की पोरी किंचाळल्या आणि गाणं अर्धवट राहिलं. मी ओट्यावरून बघत होते. घरात खापरावर मांडा पडल्याचा चर्र आवाज येत होता, देवापाशी पितरांची घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा.

"नाना, वरची चावी दे ना," मी म्हटलं. "तिला खोल्या दाखवते."

"चावी सापडत नाहीये. आणि वर मोरीचं काम काढलंय."

"परवाच म्हणालास सगळं झालं म्हणून."

तो मला आत घेऊन गेला. बाहेरच्या माणसांशी नाना शुद्ध बोलतो. मनातलं बोलायचं असलं की आमच्या आईच्या बोलीवर येतो.

"नंदा, तू माले पहिले सांगं का बरं नही?"

"काय सांगायचं होतं?"

"ती अशी शे म्हनून."

"अशी म्हणजे कशी?"

त्याने खिडकीतून झोक्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "गल्लीमा लोके काय म्हनतीन? माले आठेच ऱ्हाणं शे."

दिवाळीत ह्याच खोलीत, ह्याच खाटेवर बसून नाना संतापाने थरथरत होता, ते मला आठवलं. मीनलला तिकडे एका घरमालकाने जागा नाकारली होती. तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतींना लागतो, असं त्याने तिला सांगितलं होतं. नानाने तिचा फोन स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवला होता. "माणसं आहेत का जनावरं," असं म्हणाला होता. वहिनी रडली होती. मीही रडले होते.

"आणि मीनल?" मी विचारलं.

"ते येगळं शे."

"काय वेगळं आहे?"

"आपली पोर शिकेल-सवरेल शे, नंदा."

"नाकातो डॉक्टरेट आहे, नाना."

 त्याला माझं म्हणणं समजलं होतं, आणि त्याला काही फरक पडला नाही, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं. तो नुसता म्हणाला, "जेवीसन जा. वहिनीने मांडे केलेत."

पानं घरात मांडली होती. नाकातोचं पान तेवढं बाहेर पडवीत. "तिथे वारं लागेल त्यांना," वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी माझं ताट उचललं आणि पडवीत जाऊन नाकातोच्या समोर बसले. मागून कोणीतरी "अगं" म्हटलं. आमरसात तूप सोडलेलं, मांडा कागदासारखा पातळ. माझ्या आईच्या हातची चव होती त्याला.  तोंडात तो गोड, मऊ लगदा फिरत राहिला. नाकातोने मात्र सगळं जेवण केलं, अजून एक मांडा मागून घेतला, आणि तो कसा करतात ते वहिनीला खुणांनी विचारलं. वहिनीने उलट्या खापरावर हात फिरवून दाखवलं. दाखवताना ती रडकुंडीला आली होती, असं नाकातोने मला नंतर सांगितलं. मला ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्या दिवशी मला तिची कीव आली नसती.

परतताना ती म्हणाली, "तुझ्या भावाची चावी हरवली नव्हती."

"नाही."

"मला वाटलंच." मग म्हणाली, "पोळी मात्र फार छान होती. ह्या दोन गोष्टी मी एकत्र करत नाही. केल्या तर कुठल्याच देशात जेवता येणार नाही."

तिला ते जमत होतं. पारोळ्याच्या पुढे मी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला वाकून सगळं ओकून टाकलं. खाली तापलेली काळी माती, फाटक्या पिशव्या, वाळलेली कापसाची बोंडं. नाकातो माझी पाठ चोळत उभी होती. माझ्या माहेरचा आमरस असा मातीत पडला, आणि पोट रिकामं झाल्यावर मला बरं वाटलं. आखाजीला मी पुन्हा धुळ्याला गेलेले नाही.

त्यानंतर मी कोणाला फोन केला नाही. मला लोकांचे आवाजच नको झाले होते. मे उलटत आला होता. नाकातोने परतीच्या विमानाची चौकशी सुरू केली होती, ती मला सांगत नव्हती, पण साहेब बोलले. आणि एका सोमवारी ती लॅबमध्ये येऊन म्हणाली, "मला घर मिळालंय. उद्या माझ्याबरोबर येशील? अटी ठरवायच्या आहेत, आणि घरमालकीण फार भरभर बोलते."

घर चोपड्याला. तापी ओलांडून पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे आमची रोपं लावणारे निम्मे शेतकरी आहेत. बागा बघायला गेलेली असताना तिला एका अंगणात एक म्हातारी कच्ची केळी सोलताना दिसली होती, वेफर्ससाठी. नाकातो आत गेली, तेलाच्या वाटीत बोटं बुडवून तिच्याशेजारी बसली आणि सोलायला लागली. चीक लागू नये म्हणून तिच्या देशातही तेलच लावतात. पाटी रिकामी होईपर्यंत दोघी एकमेकींच्या भाषेतलं अक्षर न कळता बसल्या होत्या. मग नाकातोने घराच्या बंद अर्ध्या भागाकडे बोट दाखवलं होतं आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली होती.

त्या बाईंना गावात सगळे अक्का म्हणतात. विधवा, मुलगा पुण्याला, अंगाने काटक, जीभ त्याहून. आम्ही गेलो तेव्हा खाटेवर बसल्या होत्या.

"ये व, बठ," त्यांनी नाकातोला म्हटलं. तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू भलतीच काळी शेस व माय. आम्ही काळा, पन तू भलतीच." मग माझ्याकडे वळल्या. "सांग तिले."

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"सांग," नाकातो म्हणाली. "सगळं सांग. कमी करू नकोस."

मी सांगितलं. नाकातो हसली. इतक्या दिवसांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. "त्यांना सांग, हो, आहे."

अक्कांनी अटी घातल्या. मटण आपल्या चुलीवर चालणार नाही. "मांगला आंगनमा चुल्हा मांड, तठे काय शिजाडनं ते शिजाड." कांदा-लसूण चालेल. पोरगी येणार ते बरं, घर भणाण वाटतं. आणि माझ्या पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही.

ही शेवटची अट ऐकून मी उठले. तीच घाण, नुसती उघडी. मी नाकातोला म्हटलं, "चल इथून." ती उठली नाही. तिने विचारलं, "माठाला का नाही, ते विचार." मी विचारलं. अक्का म्हणाल्या, "माले सवय नही." एवढंच. देवाचं नाव घेतलं नाही, नियमाचं नाही, मुलींचं-पुतण्याचं नाही.

"मी ही जागा घेते," नाकातो म्हणाली.

"माठाचं ऐकलंस ना?"

"ऐकलं. इतक्या घरांतून ह्या पहिल्या बाईने मला खरं सांगितलं. ज्या गोष्टीवर भांडता येतं ती मला चालते. तुझ्या भावाशी मी कशावर भांडणार होते? त्याने तर मला आंबे दिले."

जूनमध्ये मिरेंबे आली. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, तिच्या दप्तरात तिकडच्या मातीची एक डबी होती, ती विमानतळावर काढून घेतली म्हणून मुंबईपासून चोपड्यापर्यंत रडत आली. अक्कांनी तिची समजूत काढली नाही, खाऊ दिला नाही, नुसतं म्हणाल्या, "रड. आठे कोनी आडावत नही." पोर त्यांच्या खाटेवर झोपून गेली.

अक्का काही देवमाणूस नाही. त्या दार न वाजवता नाकातोच्या खोलीत शिरतात, तिचे फोन ऐकत उभ्या राहतात, तिच्या घरच्या गोष्टी गल्लीभर सांगतात. दोघींची महिन्यातून एकदा तरी जोरात जुंपते, आता तर अर्धी भांडणं खानदेशीत होतात. आमच्या ऑफिसातल्या कोणीतरी नाकातोचा नऊवारीतला फोटो गावातल्या ग्रुपवर टाकला आणि खाली आपल्या मातीच्या मोठ्या मनाबद्दल लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्यांत जागा नाकारणाऱ्या दोघी-तिघी होत्या. मी फोन उपडा करून ठेवला. माठाचं म्हणाल तर त्याचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. एका पावसाळ्यात गेले तेव्हा मिरेंबे त्याच माठात तांब्या बुडवत होती आणि अक्का तिला ओरडत होत्या की झाकण नीट ठेव.

नाकातोची तीन वर्षं झाली. तिने आणखी दोन मागून घेतली आहेत. मी मात्र ह्या वर्षी निवृत्त होते आहे, आणि क्वार्टर सोडावं लागणार आहे. म्हणून ह्या वैशाखात आम्ही दोघं घर शोधत फिरतोय. सासरे गेले, मुलगा बाहेर, दोघांपुरतं हवं. एजंट रोज काही ना काही दाखवतो.

गेल्या रविवारी त्याने एक फ्लॅट दाखवला. खरोखर चांगला. दोन्हीकडून वारा, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, खाली कडुलिंब. ह्यांना आवडला. हे बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि खुर्ची कुठे ठेवायची ते बघू लागले. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. मी नळ सोडून बघितला, कपाटाची दारं उघडून बघितली.

एजंट माझ्या मागे येऊन म्हणाला, "आणि ताई, मुख्य म्हणजे इथे काही टेन्शन नाही. सगळे आपलेच लोक आहेत."

"आपले म्हणजे कोण?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला, मग हसला. "आता तुम्हाला काय सांगायचं ताई. तुम्ही समजून घ्या."

मला समजलं होतं. त्याने मला त्यांच्यातली धरलं होतं, आणि धरायला त्याच्याकडे सगळी कारणं होती. आडनाव होतं, जात होती, बोलणं होतं, कपाळावरची टिकली होती.  मी कपाटाचं दार लावलं आणि ह्यांना हाक मारली.

"काय झालं? आवडला ना?" ह्यांनी विचारलं.

"फ्लॅट चांगला आहे," मी म्हटलं. "आपल्याला नको."

 एजंट लिफ्टचं दार धरून उभा होता. मी जिन्याने उतरले. मजल्यामजल्यावर दारांना तोरणं होती, पाट्यांवर ओळखीची आडनावं होती, आणि प्रत्येक दाराशी स्वच्छ रांगोळी काढलेली होती.